ओबेड थर्टलचं अर्धं शीड

जेवताना ओबेड भिंतीला पाठ लावून बसायचा. पाव संपत आला की शेवटचा तुकडा खिशात टाकायचा. पुढे तो तुकडा तो कधी खात नसे. संध्याकाळी धक्क्यावरच्या सीगलना घालायचा. पण तुकडा खिशात जायचा मात्र रोज.

पितळी बटणांचा कोट दिसला की त्याची टोपी आपोआप डोक्यावरून उतरायची. टपालवाल्यासमोरसुद्धा. एकदा तर बँडमधल्या ढोलवाल्यासमोर उतरली. लोक हसले, तोही हसला, पण टोपी परत डोक्यावर गेली ती ढोलवाला वळणाआड गेल्यावरच.

ऐन उन्हाळ्यात, आमच्याकडे तो जानेवारीत येतो, नदीवरचे सगळे कामकरी उघडे असायचे. ओबेडच्या अंगातला सदरा कधी निघाला नाही.

विचार करायचा तेव्हा फेऱ्या घालायचा. नऊ पावलं आणि वळण, नऊ पावलं आणि वळण. शिडं शिवायचा त्याचा माळा चांगला वीस पावलं लांब होता.

आणि टेबलामागे वही घेऊन बसलेल्या माणसासमोर तो जात नसे. मत द्यायला गेला नाही. टपाल कचेरीत पार्सल आलं तर शेजाऱ्याला पाठवायचा. बायको वारली तेव्हा तिची नोंद करायलाही शेजारीच गेला होता. गावाला वाटायचं, दुःखामुळे.

हे सगळं मी पाहिलं होतं. एका खाली एक लिहूनही ठेवलं होतं. त्यातली शेवटची ओळ वाचायची अक्कल मात्र मला वेळेवर आली नाही.

मी या बेटावरच जन्मलो. मेलबर्नला जाऊन साहित्याची पदवी घेतली आणि ह्युऑन नदीकाठच्या शाळेत मास्तर होऊन आलो. चोवीस वर्षांचा होतो. पुस्तक लिहायचं होतं. आपल्या बेटाचं, खरं, आजवर कुणी न लिहिलेलं. शाळा सुटली की मी ओबेडच्या माळ्यावर जायचो, दोराच्या वेटोळ्यावर बसायचो आणि त्याच्या हाताकडे बघत राहायचो. तळहाताला चामड्याची पट्टी, मेण लावलेला दोरा, जाड तिधारी सुई. टाका घालताना तो श्वास रोखायचा. महिन्याभरात त्यानं मलाही पट्टी बांधून दिली. मी वाकडे टाके घालायचो. तो न बोलता उसवायचा.

"मास्तर, तुझं शीड वाऱ्याला बघूनच फाटेल."

आमची मैत्री अशी झाली. तो साठीला टेकलेला, मी मिसरूड फुटलेला. तो लिहायला-वाचायला शिकलाच नव्हता. मी आठवडाभराचं वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, तो काळा चहा करायचा, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

आमच्या बेटावर एक गोष्ट कुणी कुणाला विचारत नाही. पन्नाशीपुढच्या माणसाला तर नाहीच. तुम्ही कोणत्या जहाजानं आलात, हे. ज्यांचे वडील केबिनमध्ये बसून आले ते न विचारता सांगतात. चांदीच्या चमच्यांवर जहाजाचं नाव कोरून घेतात. बाकीचे गप्प बसतात. आता तर इंग्लंडहून कैद्यांची जहाजं यायची थांबली आहेत आणि बेटानं आपलं नावही बदललं आहे. व्हॅन डीमन्स लँड म्हटलं की लोकांचे चेहरे उतरायचे. आता टास्मानिया म्हणायचं.

मी विचारलं. दुसरं कुणी विचारलं नसतं. मी विचारलं, कारण मला पुस्तक लिहायचं होतं.

त्यानं सुई थांबवली. मग म्हणाला, "तुझे आजोबा कोणत्या जहाजानं आले, मास्तर?"

माझे कान तापले. "ते स्वखुशीनं आले होते."

"हो ना. या बेटावर सगळे स्वखुशीनंच आलेत. मी एकटाच तेवढा आळशी, मला ढकलून आणावं लागलं."

त्या दिवशी एवढंच.

पुढचं त्यानं सांगितलं ते केझायामुळे. केझाया त्याची एकुलती एक मुलगी. आई गेल्यापासून घर तिच्यावर होतं. हसरी, तोंडाळ, बापाला धाकात ठेवणारी. "बाबा, सदऱ्याची कॉलर बघा, तिच्यात बटाटे लावता येतील." तिचं क्लेव्हरिंगांच्या एडगरशी जमलं. क्लेव्हरिंग म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला सफरचंदांच्या बागाच बागा. एडगर साधा मुलगा होता, त्याला होड्यांच्या शर्यतीपलीकडे काही सुचायचं नाही. पण त्याची आई चांदीच्या चमच्यांवाली.

केझायाला माहीत होतं. बापानं तिला कधी सांगितलं नव्हतं, पण ती त्याचे सदरे धूत होती आणि ते वाळत घालताना पाठीकडचा भाग आतल्या बाजूला ठेवायची. सोळाव्या वर्षी तिनं एकदा त्याची उघडी पाठ पाहिली होती, फटक्यांच्या वळांनी भरलेली. दोघं त्यावर बोलले नाहीत. एडगरला तिनं सांगितलं होतं की बाबा खलाशी होते.

"त्याच्या आईनं विचारलं तर?" ओबेड मला म्हणाला. "मला थापा मारता येत नाहीत, मास्तर. गप्प बसता येतं. तीस वर्षं गप्पच बसलोय. पण ती बाई समोरासमोर विचारणार. पोरीचं लग्न मोडेल. तू गोष्टी शिकून आलायस ना? मला एक बनवून दे."

मला काय म्हणावंसं वाटलं असेल? मी म्हणालो, "खोटी गोष्ट नीट बसवायची तर आधी खरी कळायला हवी."

हे खरं नव्हतं. खोट्याला खऱ्याची काही गरज नसते. मला ती ऐकायची होती, बस.

तो दोन महिने थोडं थोडं सांगत राहिला. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून वही काढायचो. वही उघडली की त्याचा आवाज बारीक व्हायचा. हेही मी टिपून ठेवलं.

तो इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यातला. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं कुंपणावर वाळत घातलेली चादर चोरली. सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

"भूक लागली होती का?" मी विचारलं.

"नाही. जेवलो होतो."

"मग?"

"दारू हवी होती. चादर देऊन दारू घेतली."

मी पेन्सिल खाली ठेवली. मला राजाच्या रानात चोरून केलेली हरणाची शिकार हवी होती. भुकेल्या भावंडांसाठी पाव हवा होता. जुलमी जमीनदार हवा होता.

"चादर कुणाची होती?"

"गॅपबाईची. विधवा. आमच्या शेजारी दोन घरं सोडून. तिच्याकडे तेवढी एकच धड चादर होती. नवरा गेला तेव्हा त्याला त्याच चादरीवर निजवलं होतं. मग तिनं ती धुऊन वाळत टाकली होती." त्यानं टाका ओढून घट्ट केला. "कोर्टात चादर आणली होती. कुंपणाच्या काट्यांची भोकं दिसत होती. आणि ती बाई न्यायाधीशासमोर रडायला लागली. मला सोडा म्हणून. पोरगा वाईट नाही म्हणे. माझ्यासाठी रडत होती, मास्तर."

"पुस्तकात आपण भूक घालू," मी म्हणालो.

तो वर न बघता म्हणाला, "भूक तिच्याकडे होती."

मी हे वाक्य लगेच लिहून घेतलं. चांगलं वाक्य आहे असं वाटून लिहून घेतलं. आज त्याची लाज वाटते.

जहाजावर तो शीड शिवायला शिकला. शिडवाल्या खलाशाचा हात मोडला होता, त्यानं कैद्यांतून बोटांनी चपळ पोरगा मागितला. चार महिने जहाजाच्या पोटात दोनशे माणसं. वर जायला मिळायचं ते शीड शिवायला. म्हणून आयुष्यभर तो धंदा आवडला, असं तो म्हणाला. शीड म्हणजे वरची हवा.

"जहाजाचं नाव काय?"

तो नऊ पावलं चालला. वळला. मग बाहेरच्या नदीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "लेडी ऑगस्टिना."

मग त्यानं सांगितलं, इथे उतरल्यावर ते नाव कसं माणसाच्या नावाला शिवून टाकत. कैद्यांत एकाच नावाची माणसं किती तरी. मग ओळखायचं कसं? जहाजावरून. रोज सकाळी हजेरी. पुढे व्हा, टोपी काढा, नाव सांगा, जहाज सांगा. शेतावर, रस्त्याच्या कामावर, फटके मारायच्या आधी, फटके मारून झाल्यावर. शिक्षा संपली त्या दिवशीही टेबलापलीकडच्या कारकुनानं तेच विचारलं होतं. तीस वर्षांत ते नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं.

"आता काढलंस," तो स्वतःलाच म्हणाल्यासारखा म्हणाला.

लग्नाला तीन आठवडे होते. आम्ही खोटी गोष्ट बसवायला घेतली.

"नाव?" मी जाड आवाजात विचारायचो.

तो एक पाऊल पुढे यायचा. हात टोपीकडे. "ओबेड थर्टल, जहाज लेडी ऑगस्टिना, साहेब."

"ओबेड! नाव झालं की तोंड बंद."

"दोन महिने तूच उघडतोयस की ते."

"पुन्हा. नाव?"

"ओबेड थर्टल."

"इथे कसे आलात?"

"बोटीनं. पोहत येऊ काय?"

"ओबेड!"

"बरं, बरं. खलाशी म्हणून आलो. देवमासे पकडायच्या जहाजावर. होबार्ट आवडलं म्हणून उतरलो."

"काय आवडलं?"

"तुझ्यासारखं खोदून खोदून विचारणारं कुणी नव्हतं ते."

केझाया जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती हसली, मग डोळे पुसत वर आली. "बाबा, देवमाशांचं जरा कमी सांगा. एडगरचा काका त्याच जहाजांवर होता. दात किती असतात विचारेल."

"सांगेन, सगळे पडलेत."

पहिला आठवडा जहाजाचं नाव दर वेळी निघालं. दुसऱ्या आठवड्यात कधीमधी. तिसऱ्या आठवड्यात मी चहा पिताना, जिना उतरताना, अचानक विचारायचो. तो शांतपणे "ओबेड थर्टल" म्हणून थांबायचा. मी स्वतःवर खूष होतो. एका माणसाला मी नवं आयुष्य लिहून दिलं, असं काहीतरी वहीत लिहिलंय.

याच दिवसांत त्यानं एडगरसाठी शीड कापलं. लग्नाची भेट. शर्यतीच्या होडीचं. पांढरंशुभ्र, त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं कापड. "सासरच्यांकडे बागा आहेत. माझ्याकडे टाके आहेत," तो म्हणाला.

लग्न चर्चमध्ये नीट पार पडलं. क्लेव्हरिंगबाई पहिल्या बाकावर होत्या. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "मिस्टर थर्टल, केझाया म्हणत होती, तुम्ही समुद्रावर होता?"

"होय बाई. देवमाशांच्या मागे."

"कठीण काम."

"मासे मोठे असतात, बाई, नजरेतून सुटत नाहीत."

त्या हसल्या. केझायानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. झालं, असं आम्हा तिघांनाही वाटलं.

मग सह्यांसाठी सगळे आतल्या छोट्या खोलीत गेले. नवरा-नवरी, क्लेव्हरिंग नवरा-बायको, ओबेड, आणि साक्षीदार म्हणून मी. खोलीत टेबल होतं. टेबलावर मोठी वही. टेबलामागे नवे पाद्री, काळ्या कोटात, नाकावर चष्मा. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि वर न बघता विचारलं,

"वधूचे वडील. नाव?"

माळ्यावर मी टेबल मांडलं नव्हतं. वही मांडली नव्हती. मी दोराच्या वेटोळ्यावर बसून विचारत होतो.

ओबेड एक पाऊल पुढे झाला. हात डोक्याकडे गेला. डोक्यावर टोपी नव्हती, तरी बोटांनी ती काढली. त्याची पाठ ताठ झाली. आवाज त्याचा नव्हताच, कुणा तरुण पोराचा होता.

"ओबेड थर्टल, जहाज लेडी ऑगस्टिना, साहेब."

पाद्री नवे होते. त्यांना काही कळलं नाही. क्लेव्हरिंगबाईंना कळलं. त्यांच्या वडिलांच्या शेतावर असे वीस कैदी राबत होते. लहानपणी रोज सकाळी त्यांनी खिडकीतून ती हजेरी ऐकली असणार. त्यांचा हात सावकाश नवऱ्याच्या दंडावर गेला.

तरीही कदाचित निभावलं असतं. माझं देवमाशांचं जहाज तेच होतं, असं ओबेड म्हणू शकला असता. तसं त्यानं तोंड उघडलंही होतं.

मी हसलो.

का हसलो ते मला आजही सांगता येत नाही. भीतीनं असेल. तीन आठवडे तेच वाक्य ऐकून आम्ही हसत आलो होतो, तसं ते बाहेर पडलं. छोटंसं, नाकातून. पण त्या खोलीत दुसरा आवाजच नव्हता. सगळे माझ्याकडे वळले. माझ्या चेहऱ्यावर सगळं होतं.

ओबेडनं उघडलेलं तोंड मिटलं.

पाद्रीबाबांनी फक्त नाव लिहिलं. ओबेडनं खाली फुली मारली. मी सही केली. माझं अक्षर सुरेख आहे.

बागेत मेजवानी होती. क्लेव्हरिंगबाईंनी ओबेडला स्वतः मटणाचा तुकडा वाढला, सॉस वाढला, थंडी वाजत नाही ना विचारलं. इतक्या मऊ आवाजात बोलल्या की ऐकवेना. त्यांनी पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही. ओबेडच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या जेवण संपेपर्यंत रिकाम्या होत्या. मला एका खुर्चीवर जाऊन बसता आलं असतं. मी शाळेच्या विश्वस्तांशेजारी बसलो होतो. तिथेच बसून राहिलो.

निघताना केझाया फाटकापाशी मला भेटली. घोडागाडी उभी होती. दोघं होबार्टला राहायला जाणार होते.

"ॲम्ब्रोज, तू हसलास."

मी घोडागाडीच्या चाकाकडे बघितलं.

"त्यांचं मी समजू शकते," ती म्हणाली. "तुझं काय ते मला कळत नाही."

लग्न मोडलं नाही. पण पत्र आलं नाही. एक महिना, दोन महिने. ओबेड रोज टपालवाल्यापुढे टोपी काढायचा आणि रिकाम्या हातानं वर यायचा. मी जायचो. तो पूर्वीसारखा चहा करायचा. त्यानं मला एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त मी खिशात हात घातला की त्याची नजर तिकडे जायची, वही निघते का म्हणून. मी वही नेणं बंद केलं. पण ते त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही.

तो एडगरचं शीड शिवत होता. कुणी मागितलं नव्हतं.

"त्यांना नको असलं तर?" मी एकदा म्हणालो.

"चादर परत करायची राहिली, मास्तर. हे तरी देऊ दे."

मग एका शनिवारी एडगर आला. एकटाच, होडी घेऊन. टोपी हातात चुरगाळत जिना चढला. शिडावरून हात फिरवला, शिवणीला अंगठा लावून बघितला. "शर्यतीआधी मिळेल ना, मिस्टर थर्टल?" मग लाल होत म्हणाला, "न्यायला केझायाही येईल म्हणत होती. आईला सांगितलेलं नाहीये."

"मिळेल," ओबेड म्हणाला. एडगर गेल्यावर तो माळ्यावर फेऱ्या घालायला लागला. मी मोजत होतो. पावलं अकरा झाली, बारा झाली, तो भिंतीपर्यंत गेला. पार वीस पावलं गेला. तसं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी शाळेत निरोप आला. शेजारणीनं दूध द्यायला हाक मारली, उत्तर आलं नाही. तो बाकावर बसलेला होता, भिंतीला पाठ लावून, तळहाताला पट्टी तशीच. शिडाचं कापड मांडीवर. खिशात पावाचा तुकडा होता.

मृत्यूची नोंद करायला मी गेलो. केझायाला कळवलं होतं, पण ती दुसऱ्या दिवशीच पोचणार होती. कचेरीत टेबल होतं, वही होती, कारकून होता.

"नाव?"

"ओबेड थर्टल."

"बेटावर कसे आले?"

तो माणूस गेला होता. मुलीचं लग्न झालेलं होतं. आता खरं सांगितल्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? मला वेळ होता. कारकून टाक निथळत थांबला होता.

"खलाशी म्हणून," मी म्हणालो. "देवमासे पकडायच्या जहाजावर. होबार्ट आवडलं म्हणून उतरले."

एकदाही अडखळलो नाही. गोष्ट मला पाठ होती.

पुरल्यानंतर केझाया माळ्यावर आली. एडगर खाली होडीपाशी थांबला. ओबेडची घोंगडी कैद्यांच्या बराकीतल्यासारखी चार घड्या घालून कोपऱ्यात, तिच्यावर चमचा. तिनं चमचा उचलून शालीखाली धरला.

"नोंदीत काय लिहिलंस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

ती खिडकीपाशी गेली. "मी आज वाटेत ठरवत आले होते," ती म्हणाली. "की मी सांगेन. जहाजाचं नाव मी स्वतः सांगेन, सासूबाईंसमोर सांगेन. तेवढं बाबांना देईन." मग ती माझ्याकडे वळली. "तेही तू वहीत खोटं लिहून पुसून टाकलंस."

शीड बाकावर पसरलेलं होतं. पांढरं, मोठं. तीन बाजूंची कड शिवून झाली होती. चौथ्या बाजूचे चार हात राहिले होते. शेवटच्या टाक्यापाशी सुई कापडात अर्धी आत, अर्धी बाहेर होती, दोरा अजून मेणानं चकचकत होता.

"मला येतं थोडं," मी म्हणालो. "त्यांनी शिकवलं होतं. शर्यतीला चार दिवस आहेत. मी पुरं करून देऊ शकेन."

केझायानं सुईवर हात ठेवला. काढली नाही, नुसती झाकली.

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली.